आरोग्य विज्ञान विद्यापीठातील नर्सिंगच्या पदव्या: बारावीनंतरची बी.एस्सी. आणि जीएनएमनंतरची पोस्ट बेसिक

भीमाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात सध्या नर्सिंगच्या शिक्षणावरून दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहिले आहेत. दोन्ही अखेर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठापाशीच जाऊन पोहोचतात, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली आहे. नर्सिंगलाच जायचे हे तिने स्वतः ठरवले आहे आणि तिने बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षाही दिली आहे. वडिलांचे म्हणणे असे की, तालुक्याच्या गावी जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेची) संस्था असताना चार वर्षे लांब वसतिगृहात कशाला राहायचे. तीन वर्षांत शिक्षण संपेल आणि मुलगी लगेच कामाला लागेल. मामांचे मत याच्या बरोबर उलट आहे आणि दोघेही माघार घेणाऱ्यांतले नाहीत.

दुसरा प्रश्न वहिनीचा आहे. ती जीएनएम असून सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. तिला पोस्ट बेसिक बी.एस्सी. करण्याची इच्छा आहे, मात्र नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ शिकणे परवडेल का आणि त्याचा पुढे उपयोग होईल का, हे तिला समजून घ्यायचे आहे. याशिवाय एका दलालाचा दोनदा फोन येऊन गेला. परराज्यातील महाविद्यालयात नाव घालून देतो, हजर राहण्याची गरज नाही, फक्त परीक्षेला यायचे, असे त्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाठ्यनिर्देशिका

भीमाकाठ, दलालाचा विषय आधी संपवते. त्याला नाही म्हणून सांगा आणि त्याचा क्रमांक अडवून टाका. कारण पुढे येईलच.

आता चौकट. जीएनएम ही पदविका आहे आणि ती विद्यापीठाची नाही. तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते त्या पदव्या म्हणजे बारावीनंतरची चार वर्षांची बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएमनंतरची दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी., त्यापुढे दोन वर्षांची एम.एस्सी. आणि शेवटी पीएच.डी. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी या पदव्या त्या त्या भागातील पारंपरिक विद्यापीठांकडे होत्या, त्यामुळे आमच्या पिढीतील अनेक जणींच्या प्रमाणपत्रावर पुणे किंवा नागपूर विद्यापीठाचे नाव दिसते. आज राज्यभरातील संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक आणि पदवीही एकच असते. म्हणून कोणते विद्यापीठ हा प्रश्न तुमच्यापुढे फारसा नाहीच. खरा प्रश्न कोणते महाविद्यालय हा आहे आणि त्याहूनही अधिक, त्या महाविद्यालयाचे रुग्णालय कोणते, हा आहे.

बहिणीच्या पात्रतेबद्दल काळजी नसावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बेसिक बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. जीएनएमला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण पुरतात. ज्या मुलीने अकरावी-बारावीत जीवशास्त्राची प्रयोगवही भरली आहे, तिने पात्रता हातात असताना ती सोडून देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात, त्यासाठी मिळणारे महाविद्यालय बरे असले पाहिजे.

सीईटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल अजमावणारा विभाग अशा पाचांना प्रत्येकी २० गुण असतात. गुणवत्ता यादी त्यावर लागते. बारावीचे टक्के पात्रतेपुरते पाहिले जातात, त्यामुळे ५८ टक्क्यांचा न्यूनगंड तिने मनातून काढून टाकावा.

हिशेबी

पाठ्यनिर्देशिकांबद्दल पूर्ण आदर राखून वेगळे मत मांडतो. जीएनएमकडे दुय्यम म्हणून पाहण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे आणि ती योग्य नाही. आपल्या राज्यातील जिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये मुख्यत्वे जीएनएम झालेल्या परिचारिकांवर चालतात. शासकीय सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून रुजू झाल्यावर पदविकाधारक आणि पदवीधर यांची वेतनश्रेणी सारखीच असते. वॉर्डात काम वाटून देताना पदवी कोणी पाहत नाही. नोंदणीही दोघींची एकाच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका (मिडवाइफ) म्हणूनच होते. शिवाय शासकीय संस्थेत जीएनएमला प्रवेश मिळाला तर शुल्क नाममात्र असते आणि विद्यावेतन मिळते, जे शेतकरी कुटुंबासाठी लहान गोष्ट नाही.

तेव्हा वडिलांचे म्हणणे अगदीच मोडीत काढू नका. ते शासकीय जीएनएमबद्दल बोलत आहेत की तालुक्याच्या गावातील खासगी जीएनएमबद्दल, एवढे मात्र त्यांना विचारा, कारण दोन्हींत मोठे अंतर आहे.

रात्रपाळी

हिशेबी यांचा मुद्दा वेतनश्रेणीपुरता बरोबर आहे, पण नोकरीच्या दारात शिरताना फरक पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठीच्या नॉरसेट परीक्षेत बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक झालेला उमेदवार नोंदणी झाली की बसू शकतो. जीएनएम झालेल्याला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे तीन वर्षांत संपणारे शिक्षण त्या परीक्षेपुरते पाच वर्षांचे होते. तिथल्या जागा स्त्रिया व पुरुष अशा ८० आणि २० टक्क्यांत विभागलेल्या असतात; मी त्या २० टक्क्यांतला असल्यामुळे हे चांगले लक्षात आहे. तुमच्या बहिणीला त्याचा लाभच होईल.

दुसरे असे की, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर काम करण्यासाठी आपल्या राज्यात आयुर्वेद पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंग झालेलेही पात्र धरले जातात. जीएनएमला ते दार थेट उघडत नाही.

परदेशाबद्दल मात्र गैरसमज नको. जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये जाण्यासाठी पदवी हवीच असे नाही, तीन वर्षांच्या पदविकेवरही लोक गेले आहेत. तिथे अडते ते भाषेपाशी. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर सामान्यतः बी-टू पातळीची जर्मन भाषा यावी लागते आणि जोडीला ज्ञानपरीक्षा किंवा समायोजन प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून गावोगावी जर्मन शिकवण्या निघाल्या आहेत. त्यांतील कितींना बी-टूपर्यंत शिकवता येते हा संशोधनाचा विषय आहे.

भीमाकाठ

सर्वांचे आभार. हिशेबी, वडील खासगी संस्थेबद्दलच बोलत होते. त्या संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे असे माहितीपत्रकात लिहिले आहे. आम्ही परवा जाऊन आलो. इमारत नवी आहे, संगणक कक्ष आहे, वर्गात पुतळे आणि सांगाडा ठेवलेला आहे. रुग्णालय मात्र दोन मजली असून एका मजल्यावर दिवे बंद होते. त्याच संस्थेचे बी.एस्सी.चे महाविद्यालयही आहे आणि तेही आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीच संलग्न आहे. पाठ्यनिर्देशिकाताई, रुग्णालय नेमके कसे पाहायचे?

पाठ्यनिर्देशिका

दिवे बंद असलेला मजला तुमच्या नजरेत आला, म्हणजे पाहायला सुरुवात झालीच आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार बी.एस्सी. चालवणाऱ्या संस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते (डोंगराळ व आदिवासी भागांसाठी काही सवलती आहेत) आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण धरलेले असते. अपुरे पडते ते संलग्न रुग्णालयांतून भरून काढण्याची मुभा आहे. पण कागदावरची खाट आणि तिच्यावर झोपलेला रुग्ण यांत फरक असतो. तपासणी समितीच्या दिवशी खाटा भरतात आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतात, असे प्रकार या क्षेत्रात मी पाहिले आहेत. संस्थेचे नाव घेण्याची गरज नाही.

म्हणून अशी वेळ निवडा की जेव्हा कोणी तुमची वाट पाहत नसेल. सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, पाळी बदलताना, रुग्णाचे नातेवाईक म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसा. रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेशी उभी राहून सकाळच्या सिस्टरला हँडओव्हर देते की टेबलाशी बसून वहीवर सही करते, हे पाहा. विद्यार्थिनी त्या फेरीत असतात की भिंतीशी घोळक्याने उभ्या असतात, तेही पाहा. नंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला चहा पाजून तिचे लॉगबुक दाखवायला सांगा. त्यात प्रत्येक प्रोसिजरपुढे तीन गोष्टी असतात: ती नुसती पाहिली, मदतनीस म्हणून केली की स्वतंत्रपणे केली, आणि तारखेपुढे शिक्षिकेची सही. चौथ्या वर्षाच्या मुलीच्या लॉगबुकमध्ये तापमान, नाडी, रक्तदाब आणि खाट आवरणे एवढेच स्वतंत्रपणे केलेले असेल, किंवा सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच बैठकीत ओढलेल्या दिसत असतील, तर तिथून उठा.

प्रसूती विभागाबद्दल वेगळे विचारा. प्रसाविका म्हणून नोंदणी होण्यासाठी मुलीला ठरावीक संख्येने प्रसूती स्वतःच्या हाताने करण्याचा अनुभव घ्यावा लागतो. महिन्याला आठ-दहा प्रसूती होणाऱ्या रुग्णालयात ५० मुलींच्या तुकडीचे काय होणार, हे गणित मांडायला वेळ लागत नाही. अशा महाविद्यालयांनी मुलींना जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या महापालिका रुग्णालयात पाठवणे अपेक्षित असते. ती व्यवस्था खरोखर आहे का, बस कोणाची, तिथे वर्षाकाठी किती आठवडे आणि बरोबर शिक्षिका जाते की मुलींना तिथल्या इन्चार्ज सिस्टरच्या भरवशावर सोडून देतात, असे एकेक प्रश्न विचारा.

हे सर्व इतके ताणून सांगण्याचे कारण नव्या अभ्यासक्रमात आहे. परिषदेचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ च्या राजपत्रात आला आणि बी.एस्सी. वार्षिक पद्धतीऐवजी आठ सत्रांची झाली. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे येतात. तिसऱ्यापासून औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची शुश्रूषा सुरू होते. पाचव्या-सहाव्यात बालरुग्ण, मानसिक आरोग्य, समुदाय आरोग्य आणि प्रसूतिशास्त्र. सातव्यात संशोधन व सांख्यिकी. आठवे सत्र मात्र पूर्णपणे इंटर्नशिपचे आहे: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यांतील सहा आठवडे प्रौढ रुग्ण विभागांत आणि उरलेले समुदाय, बालरुग्ण, मानसिक आरोग्य व प्रसूती यांत चार-चार. हे २२ आठवडे ज्या मुलीने गजबजलेल्या रुग्णालयात काढले ती पहिल्या नोकरीत डगमगत नाही. रिकाम्या रुग्णालयात काढले तर पदवीवर विद्यापीठाचे तेच बोधचिन्ह असते, पण सलाईन लावताना हात थरथरतो.

आणि इथेच दलालाचा मुद्दा येतो. नियमानुसार परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची उपस्थिती १०० टक्के भरावी लागते. राहिलेले दिवस नंतर भरून द्यावे लागतात. हजर न राहता हे शिक्षण पूर्ण होऊच शकत नाही. ज्यांनी तसे केले आहे त्यांच्या कागदपत्रांत खोटे तास लिहिलेले असतात. परदेशी जाताना ट्रान्सक्रिप्टमध्ये (शिक्षणाच्या तपशीलवार अधिकृत उताऱ्यात) विषयवार तास मागितले जातात, परिषदेकडून पडताळणी होते आणि तिथे हे उघडे पडते. त्याहून वाईट म्हणजे ते रुग्णाच्या खाटेपाशी उघडे पडते.

हिशेबी

हा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्यासारखा आहे. माझे एवढेच म्हणणे राहते की, याच कसोट्या लावल्या तर शासकीय जीएनएम हे रिकाम्या खासगी बी.एस्सी.पेक्षा केव्हाही सरस ठरेल.

पाठ्यनिर्देशिका

त्याबाबत आपले मतभेद नाहीत. शासकीय जीएनएम आणि चालते-बोलते रुग्णालय विरुद्ध नावापुरते रुग्णालय असलेली बी.एस्सी. अशी निवड असेल, तर मी जीएनएमकडेच बोट दाखवीन. मात्र पुढे कधीतरी पदवी घ्यायचीच असेल तर तीन अधिक दोन अशी पाच वर्षे जातात आणि मध्ये नोकरी, लग्न, मूल यांत ती दोन वर्षे बहुतेक जणींना पुन्हा सापडत नाहीत. भीमाकाठ यांच्या वहिनींचा प्रश्न त्याचेच उदाहरण आहे. म्हणून पहिल्या फेरीत शासकीय आणि महापालिका रुग्णालयांची बी.एस्सी. महाविद्यालये, त्यांनंतर मोठ्या धर्मादाय रुग्णालयांची, असा पसंतीक्रम भरावा आणि तो घराच्या अंतरावर ठरवू नये.

कागदपत्रे

शुल्काबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. पूर्वी ही सवलत ५० टक्के होती. मेख अशी आहे की, ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती नाही, अभिमत विद्यापीठांना नाही. ‘फेऱ्यांची वाट कशाला पाहता, आत्ताच जागा पक्की करा’ असे संस्थेतून कोणी सांगत असेल तर त्याचा अर्थ काय होतो, हे लक्षात घ्यावे. वसतिगृह, खानावळ, गणवेश आणि प्रवास यांचा खर्च या माफीत येत नाही, तो वेगळा धरावा. अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण विसरू नये.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता ही कामे आजच सुरू करा. वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही म्हणून राखीव जागा हातची गेल्याची उदाहरणे दरवर्षी असतात.

भीमाकाठ

आम्ही कुणबी असून वैधता प्रमाणपत्र काढलेले आहे. उत्पन्नाचा दाखला या आठवड्यात मिळेल. अभिमत विद्यापीठांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. लोणी, कराड, वर्धा येथील महाविद्यालये आरोग्य विज्ञान विद्यापीठात येत नाहीत का?

रात्रपाळी

नाहीत. लोणीचे प्रवरा, कराडचे कृष्णा, वर्ध्याचे दत्ता मेघे, पुण्याचे भारती ही अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांची पदवी त्यांची स्वतःची, प्रवेश आणि शुल्कही त्यांचेच. रुग्णालये मोठी असल्यामुळे शिकण्यासारखे पुष्कळ मिळते, पण वर सांगितलेली शुल्कमाफी तिथे नाही. मुंबईचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे आणि ते एसएनडीटी महिला विद्यापीठाचे आहे, तेही आरोग्य विज्ञानात मोडत नाही.

उलट, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नर्सिंग महाविद्यालय लष्कराचे असूनही त्याची पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच आहे. तिथे पुण्यासह देशभरातील लष्करी महाविद्यालयांसाठी एकत्रित निवड होते, ती केवळ मुलींची आणि नीटच्या गुणांवरून. चार वर्षांनंतर सैनिकी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून नियुक्ती होते आणि त्यासाठी सेवेचे हमीपत्र द्यावे लागते. बहिणीने नीट दिली नसेल तर यंदा तो विषय संपला, पण धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

अतिदक्षता

वहिनींच्या प्रश्नाकडे वळते. मी जीएनएमनंतर काही वर्षे काम करून याच विद्यापीठातून पोस्ट बेसिक केले आणि आता एका शासकीय रुग्णालयात परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) आहे.

पोस्ट बेसिकसाठी बारावी, जीएनएम आणि परिचर्या परिषदेची चालू नोंदणी लागते. हा पूर्णवेळ, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. काही संस्था खासगीत ‘नोकरी सांभाळून करा’ असे सुचवतात. त्याचा अर्थ पुन्हा तोच, खोटी हजेरी. शासकीय सेवेतील परिचारिकांना खात्यामार्फत प्रतिनियुक्तीवर जाता येते, त्यामुळे वेतन चालू राहते आणि बदल्यात सेवेची हमी द्यावी लागते. खासगीतल्या व्यक्तीला मात्र राजीनामाच द्यावा लागतो किंवा बिनपगारी रजेची विनंती करावी लागते, आणि ती क्वचितच मान्य होते. दोन वर्षांचा बुडालेला पगार हा पोस्ट बेसिकचा खरा खर्च आहे, शुल्क नव्हे.

आता तो वसूल होतो का? वहिनींना पुढची सगळी वर्षे वॉर्डातच काम करायचे असेल तर माझे प्रामाणिक उत्तर ‘कदाचित नाही’ असे आहे. त्यांच्याकडे अतिदक्षता विभागाचा अनुभव आहे आणि तोच त्यांचे भांडवल आहे. अध्यापनात जायचे असेल, एम.एस्सी. करायची असेल किंवा समुदाय आरोग्याकडे वळायचे असेल तर पोस्ट बेसिकशिवाय मार्ग नाही. एम.एस्सी.ला पदवीत ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. पोस्ट बेसिक केलेल्यांचा हा अनुभव पदवीच्या आधीचा असला तरी चालतो, हा वहिनींच्या बाजूचा मुद्दा आहे. एम.एस्सी.त अंतर्व्याधी व शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि समुदाय आरोग्य या शाखा आहेत. त्यांना अतिदक्षतेची आवड असल्यास परिषदेचा क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनर हा निवासी स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.

पोस्ट बेसिकमध्ये अवघड काय जाते तेही सांगते. वॉर्डात चटकन निर्णय घेणारी बाई संशोधनाचा आराखडा आणि सांख्यिकी समोर आली की गांगरते. इंग्रजीत दीर्घ उत्तरे लिहिण्याची सवय मोडलेली असते. आमच्या वर्गात ज्येष्ठ सिस्टर प्रात्यक्षिकात पहिल्या यायच्या आणि लेखी परीक्षेत काठावर उतरायच्या. वहिनींनी प्रवेशापूर्वीच रोज अर्धा तास इंग्रजीत लिहिण्याचा सराव सुरू करावा.

हिशेबी

नोकरी सोडणे शक्यच नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिकचाही विचार व्हावा. तो सेवेत असलेल्या परिचारिकांसाठीच आखलेला असून किमान तीन वर्षांचा आहे, प्रवेश परीक्षा असते आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. प्रात्यक्षिके ठरलेल्या केंद्रावर जाऊन करावीच लागतात, त्यामुळे तो दलालाच्या प्रकारातला नाही. केंद्रे आणि जागा मर्यादित असतात, एवढी मात्र अडचण आहे.

अतिदक्षता

हा मार्ग माझ्या दोन सहकाऱ्यांनी निवडला आणि पार पाडला. रजा जुळवताना त्यांची दमछाक झाली हे खरे आहे. इन्चार्ज सिस्टर समजूतदार असेल तरच त्यात पडावे. पाळ्यांचा तक्ता तिच्या हातात असतो.

याशिवाय मानसिक आरोग्य परिचर्या आणि सार्वजनिक आरोग्य परिचर्या यांच्या एकेक वर्षाच्या पदविका आहेत. शासकीय सेवेत त्या पदोन्नतीला उपयोगी पडतात, खासगीत फारसे कोणी विचारत नाही. वहिनींनी त्यात वेळ घालवू नये.

पाठ्यनिर्देशिका

अतिदक्षताताईंनी अध्यापनाचा उल्लेख केला म्हणून थोडे. नर्सिंगची महाविद्यालये जितक्या वेगाने वाढली तितक्या वेगाने शिकवणारी माणसे तयार झाली नाहीत, त्यामुळे एम.एस्सी. झालेल्यांना नोकरी मिळते हे खरे आहे. पण अनेक खासगी संस्थांत शिक्षिकेचे नाव फक्त तपासणीसाठी यादीत असते आणि पगार कागदावर एक व हातात दुसरा असतो. वहिनींनी अध्यापनाचा विचार केलाच तर शासकीय पाठ्यनिर्देशिकेच्या (नर्सिंग शिक्षिकेच्या) पदाची तयारी समोर ठेवून करावा. सध्या या सगळ्याची नियामक रचनाही बदलत आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला आहे. नवे नियम येतील तसे अनुभवाच्या आणि प्रवेश परीक्षेच्या अटी बदलू शकतात, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय माझ्यासकट कोणाच्याही सांगण्यावर अर्ज भरू नका.

भीमाकाठ

घरात सर्वांना एकत्र बसवून हा धागा वाचून दाखवला. वडील आणि मामा यांच्यात निदान रुग्णालयाच्या मुद्द्यावर एकमत झाले. आज सकाळी वडील स्वतः त्या तालुक्याच्या रुग्णालयाच्या बाकावर पाऊण तास बसून आले. पाळी बदलताना दोनच सिस्टर होत्या आणि विद्यार्थिनी एकही नव्हती, असे त्यांनी येऊन सांगितले. त्या संस्थेचा विषय त्यांनीच बंद केला.

बहीण केंद्रीभूत फेरीत प्रथम सोलापूर, पुणे, मुंबई येथील शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांपैकी जी यादीत असतील ती भरणार आहे, त्यानंतर मोठ्या धर्मादाय रुग्णालयांची. शासकीय जीएनएमच्या प्रक्रियेतही अर्ज ठेवणार आहे. बी.एस्सी.ला चांगले महाविद्यालय मिळाले नाही तर ती जीएनएम घेईल, हे वडिलांच्या तोंडूनच आले आहे.

वहिनीने पोस्ट बेसिक एक वर्ष पुढे ढकलायचे ठरवले आहे. तोपर्यंत ती मुक्त विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करील आणि इंग्रजी लिखाणाचा सराव ठेवील. एक शेवटचा प्रश्न: अनुभवाचे प्रमाणपत्र आत्ताच घेऊन ठेवावे का, की अर्जाच्या वेळी मागावे?

अतिदक्षता

आत्ताच मागा, कारण व्यवस्थापन किंवा अधिसेविका (मेट्रन) बदलली की जुन्या नोंदी शोधून द्यायला कोणी तयार नसते. प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, खाटांची संख्या, वहिनींचा परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, विभागाचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख हे सर्व स्पष्ट लिहिलेले असावे. खाटांची संख्या बहुतेक ठिकाणी लिहायची राहून जाते आणि नॉरसेटसारख्या परीक्षेत नेमके तिथेच अडते. नोंदणीचे नूतनीकरण बाकी असेल तर तेही याच महिन्यात उरकून घ्या.